ऊन खाणारे भाऊ

मे महिन्यात नागपूरला सुट्टीवर जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आयर्लंडमधले आम्ही बाकीचे मराठी लोक डिसेंबरात भारतात जातो, लग्नं उरकतो, हुरडा खातो आणि परत येतो. भाऊ मात्र वर्षभराची रजा साठवून बरोबर मे गाठायचे. "अहो, तिकडे आता कूलरपुढून कोणी हलत नसेल," असं कुणी म्हटलं की ते खुलायचे. "म्हणूनच तर! गच्ची पूर्ण मला एकट्याला भेटते ना, बाप्पा."

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आयर्लंडमधल्या डंडॉक गावातले आम्ही दहा-बारा मराठी घरांतले लोक त्यांना भाऊच म्हणायचो. माझ्याच कंपनीत होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, अविवाहित. मागच्या वर्षी निवृत्ती घेऊन ते कायमचे नागपूरला गेले. त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण हात धजत नाही. भाऊंबद्दल लिहायचं तर पापडबद्दल लिहावं लागतं, आणि पापडबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि दक्षिणेला मोठ्या काचा होत्या. डंडॉकमध्ये ऊन पडतं तेव्हा ते पाहुण्यासारखं येतं, टेकतं न टेकतं तोच उठतं. पण पडलं, की जमिनीवर त्याचा एक चौकोन उमटायचा आणि भाऊ आपली चाकांची खुर्ची घेऊन त्या चौकोनात जाऊन बसायचे. चौकोन सरकला की तेही सरकायचे. मांडीवर लॅपटॉप, डोळे अर्धे मिटलेले. भाऊ प्रिंटरपाशी पोचले म्हणजे जेवायची वेळ झाली, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. आमची आयरिश मॅनेजर सुरुवातीला काळजीने विचारायची, "आर यू ऑल राइट देअर?" भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "चार्जिंग." पुढे पुढे तीच इतरांना सांगायला लागली, आता त्यांना उठवू नका, ते चार्जिंगला आहेत.

कोटाच्या खिशात त्यांचा थर्मामीटर असायचा. पिस्तुलाच्या आकाराचा, घोडा दाबला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि तिचं तापमान आकड्यात दिसतं. भाऊ तो कशावरही रोखायचे. चहाचा कप, बसस्टॉपचा बाक, चर्चची दक्षिणेकडची भिंत, गणपतीत ताटातले उकडीचे मोदक. एकदा शॉपिंग सेंटरमध्ये हीटरवर रोखून उभे असताना सुरक्षारक्षक धावत आला. पाच मिनिटांनी मी पोचलो तर भाऊ त्या रक्षकाच्या हातातल्या चिप्सचं तापमान मोजून देत होते आणि तो म्हणत होता, "बघा, मी म्हटलंच होतं, गार दिल्यात!"

त्यांना 'छान गरम आहे' असं सांगितलेलं चालायचं नाही. "किती आहे ते सांग ना. कसं वाटते ते नको."

भारतातून कुणी नवीन कुटुंब आलं, की बाकीचे लोक त्यांना डाळी कुठे मिळतात आणि डॉक्टरकडे नाव कसं घालायचं ते सांगायचे. भाऊ टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. आम्ही पुण्याहून आलो त्या दिवशीही आले होते. प्रवास कसा झाला वगैरे काही विचारलं नाही. पिशवी माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी ऊब, मग जेवण, मग अक्कल. या देशात क्रम चुकवायचा नाही." बायको नंतर म्हणाली, "विक्षिप्तच आहेत जरा." मीही हसलो होतो.

हा क्रम त्यांनी सरड्यांकडून घेतला होता, हे मला पुढे कळलं.

भाऊंच्या घरी वरची एक खोली फक्त सरड्यांची होती. आपल्या कुंपणावर दिसतात तसले नव्हेत, बिअर्डेड ड्रॅगन. मूळचे ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाकडचे, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. एक जोडी होती. मोठ्या काचेच्या पेट्यांत एका टोकाला दिवा, दिव्याखाली पाटीचा काळा दगड, दुसऱ्या टोकाला सावली. एका वर्षी त्यांच्याकडे अंड्यांतून पिल्लं निघाली आणि भाऊंनी आमच्या लेकीला बघायला बोलावलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पिल्लं करंगळीपेक्षा थोडी मोठी. त्यातलं एक दिव्याखाली अंग चपटं करून असं पसरलं होतं, की ती एकदम म्हणाली, "पापड!"

तिच्या तोंडून मराठी शब्द ऐकून आम्ही नवरा-बायको तिच्याकडे बघत राहिलो. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, तेही अगदी इथल्या हेलात. शिवाय त्या वर्षभरात उत्तरंही कमी झाली होती. शाळेतून यायची, खोलीत जायची. शाळेत भेटायला गेलो तर बाई म्हणाल्या, "शी'ज ग्रँड. काहीच त्रास नाही तिचा." आम्ही आनंदाने परतलो होतो.

पापड आमच्या घरी आला. भाऊंनी स्वतः पेटी मांडली, दिवा टांगला, दगडावर लाल ठिपका टाकून आकडा लेकीला दाखवला. "पिल्लू आहे, तर दगड चाळिसाच्या वर पाहिजे. बेचाळीसपर्यंत चालते. ही दुसरी बाजू पंचवीसला."

"अहो भाऊ, बेचाळीस?" बायको म्हणाली. "भाजेल ना ते!"

"नाही भाजत, वहिनी. जास्त झालं तर उठून सावलीत जाते. पाय आहे ना त्याला. आपण फक्त दोन्ही बाजू द्यायच्या, ठरवू त्याला द्यायचं." मग लेकीकडे वळून म्हणाले, "रात्री दिवा बंद. सकाळी शाळेत जायच्या आधी चालू. आणि दिवसा झोपून राहिला तर मला फोन करायचा, बेटा."

दर रविवारी ते तपासायला यायचे. लेक दारातच त्यांना आकडे सांगायची. पापड रातकिड्यांमागे धावायचा, तिच्या बाहीवर चढून बसायचा, आणि ती त्याच्याशी बोलायची. दाराबाहेरून मला ऐकू यायचं. काय बोलते ते कळायचं नाही, पण बरंच काही बोलायची.

मग मे आला आणि भाऊ नागपूरला गेले.

ते गेल्यावर आठवड्याभरात मी एकदा पेटीसमोर बसलो. घरून काम करत होतो, लेक शाळेत होती. पापड दगडावर तोंड उघडून पडला होता. आ वासलेला, हलत नाही, बोलत नाही. मला आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या दाराशी एप्रिलमध्ये धापा टाकत पडणारी कुत्री आठवली. एवढंसं पिल्लू, त्यावर बेचाळीस डिग्री! आपल्याला बेचाळिसात कुणी बांधून ठेवलं तर? मी दिव्याची साखळी वीतभर वर ओढली. थोड्या वेळाने पापडने तोंड मिटलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. काचेला चिकटवलेला एक गोल थर्मामीटर पेटीबरोबर आला होता. तो वर दिव्याजवळच होता, आणि अजून चाळीस दाखवत होता. म्हणजे नियमही मोडला नव्हता. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही.

पापड दुपारी झोपायला लागला. मग सकाळीही. "बाबा, ही'ज स्लीपिंग अगेन," लेक म्हणायची.

"झोपू दे गं. लहान आहे."

बायकोनेही दुजोरा दिला. "तू अशीच झोपायचीस. झोपेतच बाळसं धरतं."

आमच्याकडे झोपलेल्या लेकराला कुणी उठवत नाही. झोपलेलं मूल म्हणजे सुखी मूल, त्याच्या खोलीत पाऊल वाजवायचं नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं, की लेकीने भाऊंना फोन करू का विचारलं तेव्हा मीच म्हणालो, "सुट्टीवर आहेत ते. कशाला उगाच?"

नंतर पापडने खाणं सोडलं. रंग काळपट झाला. तेव्हा मला वाटलं, घरात गारवा असेल. इथल्या घरांत वरच्या मजल्यावर हॉट प्रेस असतं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आयरिश लोक त्यात टॉवेल वाळवतात. आपल्या बायका त्यात इडलीचं पीठ ठेवतात. या देशात पीठ फुगवायचं तर दुसरी जागा नाही, दहीसुद्धा तिथेच लागतं. ज्या उबेत पीठ फुगतं ती पिल्लाला पुरेल, असा मी विचार केला. पेटी उचलून जिन्यावरच्या अंधाऱ्या जागेत, हॉट प्रेसच्या उघड्या दारापाशी ठेवली. दिव्याची वायर तिथवर पोचत नव्हती, म्हणून दिवा काढला. शेजारच्या पातेल्यात पीठ सुंदर फुगलं. पापड डोळे मिटून पडून राहिला.

शुक्रवारी सकाळी भाऊंचा व्हिडिओ कॉल आला. ते नागपुरात भर दुपारच्या गच्चीवर होते, डोक्याला ओला दुपट्टा, चेहरा लालबुंद, तृप्त. "कसा आहे पापड?"

"मस्त. शांत झोपलाय बघा." मी फोन पेटीवर धरला.

भाऊंचा चेहरा उतरला. "अंधार काऊन आहे तिथे?"

"हॉट प्रेसजवळ ठेवलाय. छान ऊबदार आहे."

"किती?"

"ऊबदार आहे हो, भाऊ."

"किती आहे म्हणतो मी!"

मी फोन पेटीच्या आणखी जवळ नेला. त्यांचा आवाज खाली आला. "पिल्लू दिवसा झोपून राहते ना, राजा, तेव्हा ते शांत नसते. ते गारठून राहिलं. दिव्याखाली ठेव त्याला आत्ता, दिवा पहिले होता तिथेच टांग. खायला काही देऊ नको, पोटातलं जिरायला ऊब नाही त्याच्यात, आतच सडेल. ओठाला पाण्याचा थेंब लाव. मी येतो."

मी पेटी जागेवर नेऊन दिवा पहिल्यासारखा टांगला. मला वाटलं, पुढच्या पंधरवड्यात येतो म्हणतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. भाऊ उभे होते, विमानतळावरून बसने सरळ आमच्याकडे, हातात सुटकेस. वर्षभर वाट बघून मिळवलेला मे त्यांनी अर्धा टाकला होता. बायकोने चहा विचारला. त्यांनी ऐकलंच नाही. दगडावर ठिपका टाकला: एक्केचाळीस. पापडवर हात ठेवला. पापड हलला नाही.

"गाडी काढ," ते म्हणाले.

सरडे बघणारी डॉक्टर डब्लिनच्या अलीकडे होती. लेक मागच्या सीटवर, मांडीवर टॉवेलात पापड आणि गरम पाण्याची पिशवी. भाऊ माझ्या शेजारी. हीटर त्यांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवला आणि काचा बंद. वाटेतलं ड्रोहेडा येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग मागून आवाज आला. "हू मूव्ह्ड द लॅम्प?"

"मी," मी म्हणालो. "त्याने तोंड उघडलं होतं गं. मला दया आली."

"तोंड उघडते तेव्हाच ऊब पुरलेली असते त्याला," भाऊ समोर बघत म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग ते पुन्हा बोलले, मागे मान न वळवता, पण लेकीशीच. "मी इथे आलो ना बेटा, तर पहिल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार झोपूनच राहायचो. सोमवारी ऑफिसला जायचो तर कोणाशी बोलायचो नाही. सगळे म्हणत, व्हेरी काम फेलो. खूश होते माझ्यावर. मी काही शांत नव्हतो. गारठलो होतो नुसता. पण कोणाला त्रास नव्हता ना माझा, तर कोण विचारते?"

हीटरची घरघर चालू होती.

"मी टू," मागून लेक म्हणाली. अगदी हळू. "शाळेत."

मी आरशात पाहिलं. ती पापडकडे बघत होती. रस्ता सरळ होता तरी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. भाऊंनी फक्त हात मागे नेला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

डॉक्टर पश्चिम आयर्लंडमधल्या मेयोकडची बाई होती, तरुण. पापडला उलटंपालटं करून पाहिलं, सुईने पाणी दिलं. "युअर मॅनला आजार काही नाही," ती म्हणाली. इकडे समोरच्या कुणालाही 'युअर मॅन' म्हणतात, सरड्यालासुद्धा. "खूप दिवस गार राहिलाय, एवढंच. आता ऊब आणि उजेड. वाचेल की नाही ते दोन-तीन दिवसांत कळेल." लेकीने विचारलं, वाचला तर माझ्यावर रागावेल का? डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "तुझ्यावर का रागावेल? तूच तर सारखी सांगत होतीस ना?" लेकीकडून ऐकलेलं सगळं भाऊंनी डॉक्टरला आधीच सांगितलं होतं.

पापडला भाऊंनी आपल्याकडे नेलं. ऑफिसात फोन करून रजा वाढवली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "घरात आजारपण आहे." मॅनेजरने त्यांच्या घरी फुलं पाठवली, तीही त्यांनी सरड्यांच्या खोलीत ठेवली. लेक शाळा सुटली की परस्पर तिकडे जायची. मी संध्याकाळी घ्यायला जायचो आणि गाडीतच बसून राहायचो. आत जायचं धाडस होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. "डोळे उघडले. काळा होता, पिवळा होऊन राहिला." दोन दिवसांनी त्याने रातकिडा खाल्ला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडलो.

पुढच्या आठवड्यात भाऊ लेकीला म्हणाले, "आता घेऊन जा घरी."

"नो," ती म्हणाली. "बाबा विल फील सॉरी फॉर हिम अगेन."

हे भाऊंनीच मला सांगितलं, दारात उभं राहून. मला वाटलं, ते पुढे काहीतरी सावरून घेणारं बोलतील. ते म्हणाले, "खरं बोलून राहिली ती." आणि आत गेले. दार मात्र उघडं ठेवलं.

त्यानंतरचा बराच काळ पापड तिकडेच राहिला. मी गाडीतून उतरून भाऊंच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागलो. भाऊ मला कधी काही शिकवायला बसले नाहीत. चहा द्यायचे, कपावर ठिपका टाकून आकडा सांगायचे आणि वर निघून जायचे. वरून त्या दोघांचं बोलणं ऐकू यायचं. लेक शाळेतलं सांगत असायची, कोण हिला खेळायला घेत नाही, जेवायच्या सुट्टीत ही कुठे बसते. भाऊ मध्येच "हट्!" म्हणायचे, मध्येच "नाव काय त्या पोरीचं?" विचारायचे. मी खाली चहा गार करत ऐकायचो. घरी आल्यावर मीही तिला विचारून बघायला लागलो. पहिल्यांदा एका शब्दात उत्तर आलं, नंतर दोन-चार. बायकोने शाळेतल्या बाईंची पुन्हा वेळ घेतली. यावेळी आम्ही 'ग्रँड'वर परतलो नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी घ्यायला गेलो तर खालून हाका मारूनही कुणी ओ दिली नाही. म्हणून जिना चढून वर गेलो. पापड तिकडे गेल्यापासून त्या खोलीच्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या जागेकडे खूण केली. मी बसलो.

पेटीत पापड दगडावर पसरला होता, तोंड उघडं. पेटीच्या बाहेर, दिव्याचा उजेड जिथे पडत होता तिथे, गालिच्यावर पाठ टेकून भाऊ झोपले होते. अंगात स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला माकडटोपी. तोंड त्यांचंही उघडं. कपाळावरून घाम ओघळून कानात चालला होता. खोली भट्टीसारखी तापलेली. माझा हात आपोआप त्यांच्या टोपीकडे गेला. निदान तेवढी तरी काढावी.

लेकीने माझं मनगट धरलं.

"बाबा. नको."

मी हात मागे घेतला. पापडकडे पाहिलं. तो तसाच, आ वासून, न हलता. पाहवत नव्हतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, त्यांच्यावर बसलो आणि बघत राहिलो. घाम माझ्याही डोळ्यांत जायला लागला. लेक पापडकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पापड उठला, चार पावलं चालून सावलीत गेला आणि तोंड मिटून बसला. कुणीही काही केलं नव्हतं.

"ओके, बाबा," ती कुजबुजली. "उद्या त्याला घरी नेऊ या."